अवेळची थंडी

सफरचंदाच्या झाडाविषयीची एक गोष्ट मला दर वसंतात नव्याने थक्क करते. भर हिवाळ्यात, पाने गळून गेल्यावर, हे झाड उणे ३० अंश सेल्सिअसचा कडाका उघड्यावर सोसते. फांदीवरचा मिटलेला डोळा महिनोन्महिने गोठलेल्या हवेत राहतो आणि त्याला काही होत नाही. तोच डोळा वसंतात उमलून त्याचे फूल झाले की मात्र अर्धा तास टिकलेली उणे २.२ अंशांची थंडी दहांतल्या एका फुलाचा जीव घेते, आणि उणे ३.९ अंशांना दहांतली नऊ फुले मरतात. झाड तेच, फांदी तीच, आणि थंडी तर हिवाळ्याच्या मानाने किरकोळ. बदललेली असते ती फक्त वेळ.

थंड हवामानात घरामागच्या जागेत भाज्या आणि फळे पिकवू लागल्याला मला ११ वर्षे झाली, आणि एवढ्या काळात मी जे काही शिकले त्याचे मूळ या एका झाडाच्या दोन वागण्यांत आहे. सुरुवातीला मी थंडीलाच वैरी मानत होते आणि पारा किती खाली उतरला याकडेच माझे सारे लक्ष असे. तो किती उतरला यापेक्षा केव्हा उतरला, हा प्रश्न झाडाच्या दृष्टीने कितीतरी मोठा आहे हे हळूहळू ध्यानात आले. वेळेवर आलेली थंडी अनेक झाडांना लागतेच, तिच्यावाचून त्यांचे भागत नाही. घात करते ती अवेळी आलेली थंडी, आणि तितकाच घात अवेळी आलेली ऊब करते.

पहिल्या वर्षी बर्फ वितळल्यावर आठवडाभर स्वच्छ ऊन पडले. दुपारी लोकरी कपडे काढून ठेवावे लागत, पक्ष्यांची ये-जा सुरू झाली होती, आणि पाच महिन्यांच्या हिवाळ्यानंतर ते ऊन पाहून माझा धीर सुटला. मी घेवड्याचे बी टोकले आणि खिडकीत जपून वाढवलेली टोमॅटोची २४ रोपे वाफ्यांत लावली. कुंपणापलीकडे राहणाऱ्या आजींचे वाफे मात्र मोकळेच होते. वाटाण्याच्या एका ओळीखेरीज त्यांनी काही पेरले नव्हते. वयामुळे त्यांचे काम मागे पडले असेल असे वाटून मी विचारले, ‘‘आजी, मदतीला येऊ का?’’ त्यांनी मला बोलावून घेतले, आपल्या वाफ्यातली मूठभर माती माझ्या हातावर ठेवली आणि मूठ घट्ट आवळायला सांगितली. मूठ उघडली तेव्हा मातीचा मुटका माझ्या बोटांचे ठसे घेऊन तसाच बसला होता. ‘‘भुगा व्हायला हवा होता,’’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि मी काय लावून बसले आहे हे त्यांना कुंपणावरून दिसत असूनही त्याविषयी एक शब्द बोलल्या नाहीत.

वाफसा, म्हणजे जादा ओल ओसरून जमीन पेरणीजोगी होणे, हा शब्द मला ठाऊक होता, पण तो पावसानंतरच्या जमिनीसाठी. बर्फ वितळल्यानंतरच्या जमिनीलाही वाफसा यावा लागतो, आणि तो यायला ओल ओसरण्याबरोबर आणखी एक गोष्ट व्हावी लागते: मातीत ऊब उतरावी लागते. नवव्या रात्री आकाश निरभ्र राहिले आणि सकाळी टोमॅटोची पाने उकडल्यासारखी काळपट, मऊ होऊन देठांवरून लोंबत होती. घेवडा तर उगवलाच नाही. तीन आठवड्यांनी वाफा उकरला तेव्हा बिया हाताला बुळबुळीत लागल्या.

हवेला तापायला एक दुपार पुरते. मातीला आठवडे लागतात. बीज मातीत असते, हवेत नाही, ही साधी बाब पटायला मला ते नुकसान सोसावे लागले. त्यानंतर मी मातीत खुपसायचा तापमापक आणला आणि रोज सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, चार बोटे खोलीवरचे तापमान वहीत लिहू लागले. उगवणीचे आकडे समोर ठेवले की या लिहिण्याला केवढा अर्थ आहे ते कळते. वाटाण्याचे बी ५ अंशांच्या मातीत ३६ दिवसांनी उगवते, १० अंशांत साडेतेरा दिवसांनी आणि २० अंशांत साडेसात दिवसांनी. गाजराला ५ अंशांत ५० दिवस लागतात, १० अंशांत १७ आणि २० अंशांत ७. टोमॅटो १० अंशांत तब्बल सहा आठवडे घेतो आणि २५ अंशांत सहाच दिवस. घेवडा तर १० अंशांच्या मातीत उगवत नाही. तो ओल शोषून फुगतो आणि कुजतो. म्हणजे महिनाभर आधी पेरलेले गाजर आणि माती तापल्यावर पेरलेले गाजर जवळजवळ एकाच सुमारास वर येते, फरक इतकाच की पहिल्याने तो महिना बुरशी आणि किडींच्या सोबतीत काढलेला असतो. लवकर पेरणीची माझी घाई मला कधीच फारसे दिवस मिळवून देत नव्हती.

दिवस मिळवायचे असतील तर मातीला ऊब मिळवून द्यावी लागते. वाफे वीतभर उंच केले की पाणी लवकर निथळते, आणि ओल्या मातीपेक्षा निथळलेली माती लवकर तापते, कारण पाणी तापवायला फार उष्णता खर्ची पडते. हिवाळ्यात घातलेले पेंढ्याचे आच्छादन वसंतात लवकर बाजूला सारावे लागते. ते थंडी बाहेर ठेवते तसेच ऊनही बाहेर ठेवते. टोमॅटो आणि भोपळ्याच्या वाफ्यांवर मी तीन आठवडे आधी काळे प्लॅस्टिक अंथरते. ते दिसायला बरे नाही, पण त्याखालची माती हाताला वेगळी लागते आणि वहीतला आकडाही तेच सांगतो.

पण त्या नवव्या रात्रीचे कोडे मला पुढची दोन वर्षे सुटले नव्हते. खिडकीबाहेरचा तापमापक पहाटे २ अंश दाखवत होता, म्हणजे शून्याच्या वर, आणि तरी रोपे गोठली होती. आपले उपकरणच बिघडले असावे असे मी धरून चालले. खरे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच सापडलेले आहे. लंडनमधील एक डॉक्टर, विल्यम चार्ल्स वेल्स, यांनी दवावरचा आपला निबंध १८१४ साली प्रसिद्ध केला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत आणि पाने आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतात, हे त्यांनी रात्र रात्र जागून, तापमापक गवतावर आणि हवेत ठेवून दाखवले. माझा तापमापक भिंतीच्या आडोशाला, माणसाच्या उंचीवर टांगलेला होता. रोपे उघड्या आकाशाखाली, जमिनीलगत होती. त्याने खोटे काही सांगितले नव्हते. त्याला वेगळ्याच जागेचे तापमान विचारले गेले होते.

वेल्स यांच्या लेखनात एक कबुली आहे आणि ती मला त्यांच्या प्रयोगांइतकीच मोलाची वाटते. माळी लोक कोवळ्या रोपांवर पातळशी चटई पसरून थंडीपासून त्यांचे रक्षण करतात, हे पाहून अर्धवट ज्ञानाच्या अभिमानात आपल्याला हसू येत असे, असे ते लिहितात. एवढ्या झिरझिरीत पदार्थाने रोपाला हवेइतके थंड होण्यापासून कसे वाचवता येईल, असे त्यांना वाटे. मग त्यांनी गवतात चार काठ्या रोवून, गवतापासून ६ इंचांवर एक तलम रुमाल ताणून बांधला, आणि त्याखालचे गवत उघड्या गवताहून कित्येक अंशांनी उबदार राहते हे पाहिले. रुमाल ऊब देत नव्हता. गवत आणि आकाश यांच्यामध्ये तो उभा राहत होता, एवढेच. ढगाळ रात्री दव का गोठत नाही याचेही उत्तर हेच आहे. माळ्यांना हे पिढ्यान्पिढ्या हातांनी ठाऊक होते आणि शास्त्राला ते नंतर कळले, याचा मला मनापासून आनंद होतो.

तेव्हापासून आकाश निवळले आणि संध्याकाळी वारा पडला की मी पारा पाहायला थांबत नाही. सूर्य मावळण्याच्या आधी, मातीत दिवसाची ऊब असतानाच, वाफ्यांवर कमानी लावून क्रॉप कव्हरचे पातळ पांढरे कापड पसरते. कापड पानांना चिकटू द्यायचे नाही, कारण जिथे ते टेकते तिथे पान गोठते. कडा जमिनीवर दाबून टाकायच्या, म्हणजे मातीतून वर येणारी ऊब आत कोंडून राहते. झाडाच्या बुंध्याला गुंडाळल्यासारखे कापड गुंडाळले तर मात्र त्याचा काही उपयोग होत नाही, कारण वाचवायची असते ती मातीतून येणारी ऊब, आणि ती गुंडाळीच्या बाहेरच राहते.

थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते, हेही याच रात्रींनी शिकवले. माझ्या जागेचा उतार मागच्या कुंपणाकडे आहे आणि तिथे फळ्या जमिनीला टेकेपर्यंत लावलेल्या होत्या. बागेतली सारी थंडी त्या कोपऱ्यात येऊन साचे आणि तिथल्या काकड्या दरवर्षी बाकीच्यांच्या आधी जात. खालची एक फळी काढून टाकली तेव्हापासून ती हवा कुंपणाखालून निघून जाते. इतक्या स्वस्तात इतका मोठा फरक पडलेला मी बागेत दुसरा पाहिलेला नाही.

पाण्याचे एक गणितही मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. छोट्या हरितगृहात २० लिटर पाण्याचे पिंप ठेवले, तर १५ अंशांपासून शून्यापर्यंत निवताना ते जेवढी उष्णता देईल तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता ते शून्यावर गोठताना देते. एक किलोवॅटचा हीटर जवळजवळ दोन तास चालवावा इतकी ती भरते. फुलोऱ्यातल्या फळबागांवर थंड रात्री पाण्याचे तुषार सोडतात तेही याच आधारावर. फुलाभोवती बर्फ धरतो आणि पाणी गोठत राहते तोवर आतले फूल शून्याच्या आसपास टिकून राहते. पाणी मध्येच बंद पडले तर मात्र ओल्या फुलाचे नुकसान अधिकच होते. गोठणे म्हणजे केवळ उष्णता नाहीशी होणे, असे मी धरून चालले होते. गोठता गोठताच पाणी ऊब सोडून देते, हे समजल्यावर पिंपावरचा पहाटेचा बर्फाचा पापुद्रा पाहून मला धास्ती वाटेनाशी झाली.

अवेळच्या उबेचा घात मी एकदाच, पण पुरता अनुभवला. जुन्या खिडकीची काच झाकण म्हणून वापरून मी एक पेटी केली होती आणि तिच्यात कोबी, लेट्यूस आणि सेलरीची रोपे बाहेरच्या हवेला सरावत ठेवली होती. रोपांना घरातून थेट वाफ्यात नेता येत नाही. आठ-दहा दिवस त्यांना रोज थोडे अधिक ऊन, वारा आणि गारवा दाखवावा लागतो, मग त्यांची पाने जाड होतात आणि देठ ताठ होतो. त्या दिवशी सकाळी बाहेर गोठण होती म्हणून झाकण बंद ठेवले आणि ते उघडायचे माझ्याकडून राहून गेले. दुपारी परत आले तेव्हा बाहेर ८ अंश होते आणि पेटीत ४६. सात आठवड्यांची रोपे आडवी झाली होती. थंड हवामानात बाग करणाऱ्याची रोपे उन्हाने मरावीत हे मला फार लागले. आता झाकणाखाली लाकडाचा ठोकळा ठेवल्याशिवाय मी घर सोडत नाही.

आतापर्यंत सांगितले ते थंडीपासून वाचण्याविषयी. पण काही पिके थंडीची वाट पाहत असतात, आणि मला त्यांचे वेड अधिक आहे. लसणाची पाकळी शरद ऋतूत, जमीन गोठण्याच्या चार-सहा आठवडे आधी लावायची. ती मुळे धरते आणि मग बर्फाखाली निजते. सहा ते आठ आठवड्यांचा गारवा मिळाला तरच तिच्या गड्ड्यात पाकळ्या पडतात. वसंतात लावलेल्या लसणाचा पुष्कळदा एकच गोल, अखंड गड्डा होऊन बसतो. हिवाळी राय हे धान्य थंडीचा काळ मिळाल्याशिवाय फुलावर येत नाही, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्ताव गासनर यांनी १९१८ साली प्रयोगांनी दाखवले होते. म्हणजे हिवाळा येऊन गेल्याची नोंद वनस्पती ठेवते, आणि ती नोंद पुरी झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाही.

हीच नोंद चुकीच्या वेळी झाली तर काय होते ते कांदा दाखवतो. घाई करून फार आधी वाढवलेली, पेन्सिलीइतक्या जाड मानेची कांद्याची रोपे वाफ्यात गेली आणि नंतर काही आठवडे १० अंशांखालची थंडी राहिली, तर रोपाला आपला हिवाळा सरला असे वाटते आणि ते डेंगळ्यावर येते, म्हणजे फुलाचा दांडा काढते. डेंगळा आला की कांदा पोसत नाही, मधोमध कडक दांडा राहतो आणि तो साठवणीत टिकत नाही. बारीक मानेचे रोप तीच थंडी सोसते आणि तिची नोंद घेत नाही, कारण ते अजून त्या वयाचे झालेले नसते. कांद्याचे सगळ्यांत दांडगे रोप सगळ्यांत चांगले नव्हे, हे मान्य करायला माझे मन बरेच दिवस तयार नव्हते.

कांद्याला थंडीइतकाच दिवसाच्या लांबीचाही हिशेब असतो. दिवस किती तासांचा आहे यावर फुलणे अवलंबून असते हे अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडले, आणि पुढे कंद धरण्यालाही तेच लागू असल्याचे दिसले. विषुववृत्तापासून दूर, जिथे उन्हाळ्यातला दिवस १६ तासांवर जातो, तिथे १४ ते १६ तासांच्या दिवसाला कांदा धरणारे वाण हवेत. १२ तासांच्या दिवसाचा वाण लावला, तर वसंतातच दिवस त्याच्या मापाबाहेर गेलेला असतो. मग जेमतेम चार पाती असलेले रोप कांदा धरायला बसते आणि सुपारीएवढ्यावर थांबते. कांद्यातला प्रत्येक पापुद्रा म्हणजे एका पातीचे बूड असते, तेव्हा पाती जितक्या कमी तितका कांदा लहान. बटाट्याची कहाणी याच्या उलट. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो अँडीज पर्वतातून युरोपात आला तेव्हा त्याला १२ तासांच्या दिवसाची सवय होती. उत्तरेच्या लांब उन्हाळ्यात तो नुसता पाल्यावर वाढे आणि शरदात दिवस आखूड झाल्यावर, अगदी थंडीच्या तोंडावर, कंद धरू लागे. लांब दिवसातही लवकर कंद धरणारी झाडे निवडत, आणि चिलीच्या दक्षिणेकडचे बटाटे आणून, तो उत्तरेच्या मातीत रुळवायला माणसांना पिढ्या लागल्या. बटाटे काढताना मातीतून पहिला कंद वर आला की मला त्या निवड करणाऱ्या अनाम हातांची आठवण होते.

फळझाडांच्या बाबतीत माझी चूक जमिनीखाली होती. मी पहिले सफरचंद निवडले ते फळाच्या नावावरून. ते कोणत्या खुंटावर, म्हणजे कोणत्या मुळांच्या झाडावर, बांधलेले कलम आहे हे विचारायचे मला सुचलेच नाही. तो खुंट ठेंगणा होता, लवकर फळ देणारा, पण कडाक्यात कच्चा. फांद्या सोसतात तेवढी थंडी मुळे सोसत नाहीत. ती जगतात ती माती आणि बर्फ यांच्या पांघरुणाखाली. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, म्हणून हातभर बर्फाखालची माती शून्याच्या जवळपास राहते, वर हवा उणे २५ असली तरी. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ पडलाच नाही आणि कोरडा कडाका महिनाभर राहिला. वसंतात फांद्यांवरचे डोळे फुगले, पाने मोहरीएवढी दिसू लागली आणि तिथेच सुकली. झाड वरून जिवंत आणि खालून मेलेले होते. आता बागेत दोन सफरचंदे आहेत, एक रशियातल्या अन्तोनोव्का सफरचंदाच्या बीजापासून वाढवलेल्या खुंटावर आणि दुसरे रशियातल्याच मिचुरिन्स्क येथे बुडागोव्स्की या फळझाड-संशोधकांनी तयार केलेल्या, तांबूस पानांच्या खुंटावर. आणि बर्फ कमी पडला तर मी बुंध्याभोवती पेंढा रचते, मात्र जमीन गोठल्यानंतरच, कारण आधी रचला तर उंदीर त्यात घर करतात.

हिवाळ्याच्या शेवटी सूर्य खोडाच्या एका बाजूला तापवतो, सालीतला रस जागा होतो आणि सूर्य मावळताच तो गोठून साल उभी फाटते. खोडाला पांढरा रंग दिला की ऊन परतवले जाते. यातही झाडाला मारणारी थंडी नसते, त्या आधीची चार तासांची फसवी ऊब असते. उन्हाकडे तोंड केलेल्या भिंतीला लागून झाड लावावे, ही कल्पना म्हणूनच मोहक असली तरी प्रत्येक फळाला मानवत नाही. पॅरिसजवळच्या माँत्रय येथे जिप्समचा गिलावा केलेल्या भिंतींना टेकवून शतकानुशतके पीच पिकवले गेले. भिंत दिवसा ऊब साठवी आणि रात्री परत देई. पण लवकर फुलणाऱ्या झाडाला तीच भिंत आठवडाभर आधी फुलवते आणि गोठणीच्या तोंडी देते. माझ्याकडची जर्दाळू मी मुद्दाम उशिरा ऊन येणाऱ्या बाजूला लावली आहे, म्हणजे ती जागी व्हायला वेळ घेईल.

या सगळ्या काळजीतून मोकळे असलेले फळ मला उशिरा भेटले. हॅस्कॅप हे त्याचे नाव, जपानच्या होक्काइडो बेटावरच्या ऐनू लोकांच्या भाषेतून आलेले. निळसर, लांबट, आंबटगोड फळ. बहर येतो तेव्हा कुंपणाच्या सावलीत अजून बर्फ असतो, आणि तरी त्याची उमललेली फुले उणे ७ अंश सोसतात, स्ट्रॉबेरीच्याही आधी ते पिकते. सफरचंदाचे फूल उणे दोनला हार मानू लागते आणि हे उणे सातला तग धरते. पहिल्यांदा पहाटे त्या फिकट पिवळ्या फुलांवर गोठलेले दव पाहिले तेव्हा मी ती गेलीच असे समजले होते, आणि दुपारी त्यांच्यावर भुंगे होते.

शरदात मी घाई करत नाही, अपवाद फक्त टोमॅटोचा. रात्री १० अंशांखाली जाऊ लागल्या की झाडावरचे हिरवे टोमॅटो पिकायचे थांबतात आणि आतून बिघडू लागतात, म्हणून पुरते भरलेले, कातडीला चकाकी आलेले तेवढे तोडून घरात, १८ ते २० अंशांत, कागदावर पसरते. पिकायला त्यांना ऊन लागत नाही, ऊब आणि जवळच्या पिकल्या फळाचा वायू पुरतो. बाकीच्यांना थंडी लागू देते. गाजर, पार्स्निप, केल यांच्या पेशी गारवा जाणवताच साठवलेल्या पिष्टाची साखर करू लागतात, कारण गोड रस उशिरा गोठतो. वनस्पती हे स्वतःला वाचवण्यासाठी करते. उन्हाळ्यात काढलेले गाजर आणि चार-पाच गोठणी सोसलेले गाजर एकापुढे एक खाऊन पाहिले, तर पहिले गाजर नुसते पाण्याचे वाटते. एक वाफा मी कधीच पुरता काढत नाही. त्यावर हातभर पेंढा घालते, बर्फ पडू देते, आणि हिवाळाभर लागतील तशी गाजरे खणते.

दिवस १० तासांहून लहान झाला की पेटीतला पालक वाढायचा थांबतो. मरत नाही, जागच्या जागी राहतो, सकाळी पाने काचेसारखी ताठ आणि दुपारी पुन्हा मऊ. पूर्वी मला हे दिवस बागेबाहेरचे वाटत. आता मी पेंढा सारून गाजरे खणायला जाते तेव्हा लसणाच्या वाफ्यापाशी थोडी रेंगाळते. वर काहीच दिसत नसते. वहीत मात्र मी त्याचेही आठवडे मोजत असते, आणि गेल्या महिन्यात त्याचे आठ पुरे झाले.

बाहेर अजून गुडघाभर बर्फ आहे, आणि वाफे उघडे पडायला दहा आठवडे आहेत. तेवढाच वेळ कांद्याच्या रोपाला लागतो, आधी पेरले तर मान जाड होते, म्हणून यंदा हात आवरून मी बरोबर गेल्या सोमवारी ट्रेमध्ये बी पेरले. कांद्याचे रोप सरळ वर येत नाही; ते दुमडलेले, सुईच्या नेढ्यासारखे मातीतून निघते आणि मग एक टोक हळूहळू सोडवून घेते. आज सकाळी दिवा लावला तेव्हा ट्रेच्या खिडकीकडच्या कडेला अशी तीन नेढी वर आली होती.